३६ टक्क्यांचे प्रमाणपत्र, परत आलेला अर्ज आणि वकिलाची गरज

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे यजमान, वय ४४, अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पाचशे रुपये रोजाने प्रेस मशिनवर काम करत होते. मार्च २०२५ मध्ये मशिनमध्ये उजवा हात सापडला, अंगठा गेला आणि उरलेली बोटे आता पूर्ण मिटत नाहीत. दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले ते ३६ टक्क्यांचे. त्यावर केलेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज ‘बसत नाही’ एवढेच तोंडी सांगून परत करण्यात आला. एक एजंट पंधरा हजारांत ६० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणून देतो म्हणतो आणि त्याला दोन हजार रुपये व काही मूळ कागद देऊन झाले आहेत. ओळखीच्या एका वकिलांनी जी रक्कम मिळेल तिचा चौथा हिस्सा फी म्हणून सांगितला. पत्राच्या शेवटी आणखी दोन वाक्ये आहेत: यजमानांना लहानपणी विटी लागल्यापासून डाव्या डोळ्याने दिसत नाही, आणि अपघातानंतर चारेक महिने बँकेत ‘कसले तरी’ पैसे येत होते, ते पुढे बंद झाले. पैसे कुणाला द्यावेत, एजंटाला की वकिलाला, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, ती शेवटची दोन वाक्ये तुम्ही जाता जाता लिहिली असली, तरी माझ्या मते सगळे प्रकरण त्यांतच आहे. गेली वीस-बावीस वर्षे नाशिकमध्ये दिव्यांग आणि अपघातग्रस्त कामगारांचे दावे चालवताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे, की माणूस एका योजनेचा परत आलेला अर्ज हातात घेऊन येतो, त्या अर्जापुरतेच विचारतो, आणि त्याचा मोठा हक्क भलत्याच कार्यालयात कुणी न मागितल्यामुळे पडून असतो. म्हणून आधी बँकेतल्या पैशांचे पाहू.

यजमानांची जुनी पगारपत्रके शोधा. पाचशे रुपये रोजाने सव्वीस दिवसांचे तेरा हजार होतात, आणि त्यातून ईएसआयच्या, म्हणजे राज्य कामगार विम्याच्या, रकान्यात दरमहा ९८ रुपयांच्या आसपास रक्कम कापलेली दिसली पाहिजे, कारण कामगाराचा हिस्सा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार या विम्यात येतो, आणि तो कंत्राटदाराचा माणूस आहे या कारणाने त्यातून सुटत नाही. कंत्राटदाराने वर्गणी भरली नसेल तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कारखानदारावर येते. त्या चार महिन्यांत जे पैसे आले ते बहुधा ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ असावा. कामावरच्या इजेमुळे कामगार जोपर्यंत कामावर जाऊ शकत नाही, तोपर्यंत सरासरी वेतनाच्या नव्वद टक्के दराने तो मिळतो. पासबुकात त्या जमेसमोर काय लिहून आले आहे ते वाचा, आणि छपाई पुसट असेल तर शाखेतून त्या काळाचा खातेउतारा घ्या.

हा अंदाज खरा निघाला, तर त्याचा अर्थ फार मोठा आहे. अपघात कामावर आणि कामामुळे झाला, हे ईएसआयने एकदा मान्य केले आहे. अशा दाव्यात भांडण होते ते नेमके याच मुद्द्यावर. मालक म्हणतो माणूस आमचा नाही, कंत्राटदार म्हणतो तो त्या दिवशी सुटीवर होता. तो टप्पा तुमच्याकडून नकळत पार पडला आहे. तात्पुरता लाभ थांबल्यावर पुढची पायरी असते ती वैद्यकीय मंडळापुढे जाऊन कायमस्वरूपी अपंगत्व ठरवून घेण्याची, आणि ती पायरी तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरवते. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास ३० टक्के असे ठरलेले आहेत. बोटे मिटत नाहीत याचे वेगळे मूल्यमापन होऊ शकते, पण तूर्त तीसच धरू. पाचशेच्या नव्वद टक्के म्हणजे ४५०, त्याच्या तीस टक्के म्हणजे १३५ रुपये रोज. तीस दिवसांच्या महिन्याचे ४,०५० रुपये झाले, आणि हा लाभ आयुष्यभर चालतो.

आता निराधार योजनेचे पाहा. संजय गांधी योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत, अशा अटी आहेत. तुमच्या शिवणकामाचे उत्पन्न धरून तुम्ही ४६ हजारांचा दाखला काढला आहे. ईएसआयचे वर्षाला सुमारे ४९ हजार त्यात मिळाले की मर्यादा ओलांडली जाईल. दोन्ही लाभ एकदम घेता येतील असे मी तुम्हाला सांगणार नाही, आणि पहिला लपवून दुसरा घ्या असेही सांगणार नाही, कारण दोन्ही रकमा आधारला जोडलेल्या खात्यातच येतात आणि वसुली निघाली की ती एकरकमी निघते. महिना २,५०० रुपयांसाठी पंधरा हजार खर्चून खोट्या कागदाच्या मागे लागायचे, आणि महिना ४,०५० रुपये मागायचेच नाहीत, असा हा सध्याचा हिशेब आहे.

पगारपत्रकात कपात नसली किंवा ते पैसे कंत्राटदाराने स्वतःच टाकलेले निघाले, तर वाट बदलते. विम्याच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट कामावरच्या इजेला लागत नाही, त्यामुळे नोंदणीच झालेली नव्हती तरी कारखाना या योजनेखाली येतो का हे आधी तपासावे लागते. येत नसेल तर कामगार नुकसानभरपाईचा दावा मालकावर करायचा असतो, आणि त्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोन्हींचे दावे एकदम लावून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा; विमा लागू असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून नुकसानभरपाई मागता येत नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तुमचा अपघात तिच्या आधीचा आहे, त्यामुळे अर्जात कोणत्या कायद्याचे कोणते कलम लिहायचे, झालेल्या विलंबाचे कारण कसे मांडायचे, हे जाणकारानेच पाहिले पाहिजे. तुमच्या सबंध प्रकरणात वकिलाची खरी गरज असलेली जागा ही आहे.

दोन प्रकारच्या टक्क्यांमधला फरकही येथेच सांगून ठेवतो, कारण यावरून माझ्या कार्यालयात रोज एक तरी वाद होतो. ईएसआयचे टक्के कमाईचे असतात, दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के शरीराचे. एकच डोळा घ्या. दुसरा डोळा चांगला असताना एक गेला, तर नुकसानभरपाईच्या परिशिष्टात तो ४० टक्के धरला जातो; दिव्यांग प्रमाणपत्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याच डोळ्याचे ३० टक्के होतात. दोन्ही बरोबरच आहेत. एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ‘तिकडे चाळीस दिले, इकडे का नाही’ म्हणून भांडण्यात अर्थ नसतो.

डोळ्याचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना तुम्ही फक्त हाताचे दिव्यांगत्व नोंदवले, त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांनी हात तपासला आणि ३६ टक्के दिले. डोळा कुणी तपासलाच नाही, कारण तो कुणी सांगितलाच नाही. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकाहून अधिक दिव्यांगत्वांचा एकत्रित विचार होतो आणि त्याचे सूत्र ठरलेले आहे. मोठी टक्केवारी आधी मांडायची. नव्वदमधून ती वजा करायची. जे उरेल त्याला लहान टक्केवारीने गुणून नव्वदने भागायचे. आणि येणारा आकडा मोठ्या टक्केवारीत मिळवायचा. तुमच्या यजमानांच्या बाबतीत नव्वदमधून ३६ गेले, ५४ उरले. चोपन्नला तीसने गुणून नव्वदने भागले की १८ येतात. छत्तीस आणि अठरा मिळून ५४ टक्के. नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत डाव्या डोळ्याची दृष्टी पूर्ण गेलेली आणि उजवा डोळा चांगला आढळला, तर हेच उत्तर येईल. आढळणी वेगळी असेल तर आकडा बदलेल. एजंट पंधरा हजारांत जे विकतो आहे, त्याच्या जवळपासचा आकडा तुमच्या यजमानांना बहुधा खरेपणाने आणि फुकट मिळणारा आहे. याचे मला दर वेळी आश्चर्य वाटते, आणि थोडा रागही येतो.

यासाठी वकील लागत नाही. स्वावलंबन पोर्टलवर दोन्ही दिव्यांगत्वे नमूद करून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायचा, नेमून दिलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात जायचे, आणि बरोबर मूळ कागद न्यायचे: हाताच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरण चित्रे, आधीचे प्रमाणपत्र, आधार, आणि डोळ्याचे जे काही जुने कागद असतील ते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या इजेचे कागद नसतात, त्याने घाबरू नका. डोळ्याची आजची स्थिती तपासणीत दिसते. अर्ज स्वतः भरता येत नसेल तर कोणत्याही सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात फलकावर लावलेल्या दरात भरून मिळतो. तपासणीच्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयाबाहेर पाहाल, तर सुरगाणा-पेठहून पहिल्या एसटीने आलेली माणसे झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन उभी असतात आणि मूळ कागद घरी ठेवलेला असतो. त्यांचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. डोळ्याच्या बाबतीत नुसते मार्गदर्शन हवे असेल तर नॅबची, म्हणजे अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची, नाशिकमधील संस्था सातपूरमध्ये, तुमच्या जवळच आहे.

प्रमाणपत्राविरुद्ध अपील करण्याची सोय याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे, आणि तुमच्या ओळखीच्या वकिलांच्या मनात कदाचित तेच असावे. पण तुमच्या प्रकरणात अपील कशाविरुद्ध करणार? हाताचे ३६ टक्के चुकीचे आहेत असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. अपील केव्हा करावे हे मी स्वतः एक चूक करून शिकलो. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका शेतमजुराचे ३८ टक्क्यांचे प्रमाणपत्र आले. मी मोठ्या उत्साहाने चार पानी नोटीस लिहिली, तिच्यात न्यायनिवाडे घातले, आणि मूल्यमापनाचा तक्ता मागवून पाहण्याचे मात्र राहून गेले. आठ महिन्यांनी तो तक्ता हाती आला तेव्हा कळले, की कानाच्या तपासणीचा अहवाल फाइलला जोडलेलाच नव्हता आणि कानाच्या रकान्यात नुसती रेघ मारलेली होती. अहवाल जोडून नवा अर्ज केला असता तर महिन्या-दोन महिन्यांत काम झाले असते. त्या माणसाचे आठ महिन्यांचे अनुदान माझ्या चार पानी नोटिशीत गेले. तेव्हापासून तक्ता पाहिल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयापुरता अर्ज केला, की स्वतःच्या मूल्यमापनाची प्रत मागता येते.

निराधार योजनेचा अर्ज तोंडी सांगून परत केला, हे मात्र मान्य करू नका. ५४ टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती आले आणि ईएसआयचा दावा काही कारणाने उभा राहिला नाही, तर हा अर्ज तुम्हाला पुन्हा करावा लागेल. तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या, आणि त्रुटी असेल तर ती लेखी मागा. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असे सांगितले तरी अर्ज आवक-जावक टेबलावर देता येतो. शिक्का असलेली एक प्रत हातात असली की पुढचा माणूस, मग तो मी असेन किंवा दुसरा कुणी, काहीतरी करू शकतो. ‘दोनदा जाऊन आलो’ या वाक्यावर कोणतेच अपील उभे राहत नाही. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबते, हेही आत्ताच लक्षात ठेवा. चाळीस टक्के पार झाल्यावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि महापालिकेने दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतील योजनांसाठी अर्ज करता येतो. या गोष्टींना कुणाच्या मदतीची गरज पडू नये.

आता फीचे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेणे, हे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. आमच्यातले काही जण ते करतात, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर तुमचे काही चुकत नाही. आजीवन चालणाऱ्या लाभात चौथा हिस्सा म्हणजे काय, याचा विचार करा: ४,०५० मधले हजार रुपये दरमहा, किती वर्षे? फी ठरवायची तर कामाच्या टप्प्यांवर ठरवावी. कागद वाचून लेखी मत देण्याची एक रक्कम, अर्ज तयार करून दाखल करण्याची दुसरी, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर तिसरी. प्रत्येकीची पावती घ्यावी. पहिल्या भेटीत जो तुमचे पासबुक, पगारपत्रक आणि प्रमाणपत्र तीनही मागून घेऊन वाचतो, तो कामाचा माणूस. न वाचताच ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला वकीलपत्र देऊ नये.

खरे तर तुम्हाला फीची गरजच पडू नये. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि स्त्री, या तिन्ही वर्गांना त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. तुमच्या घरात तिन्ही आहेत. साध्या कागदावर अर्ज चालतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मोफत मिळणारा वकील कच्चा असतो अशी समजूत आहे. काही वेळा तो नवखा असतो, हे खरे आहे. पण तुमच्या प्रकरणात पासबुकाची नोंद आणि परिशिष्टातील तीस टक्के एवढे भक्कम आहेत, की मेहनती नवखा वकील ते नीट मांडू शकेल. त्याला कामगार विम्याचा अनुभव आहे का, एवढे मात्र विचारा; नसेल तर बदलून मागता येतो. सातपूर-अंबडमधील कामगार संघटनांच्या कार्यालयांतही ईएसआयचे अर्ज हाताखालून गेलेली माणसे बसतात, आणि अपघात अहवाल कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असते.

शेवटी तो एजंट. खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ घेणे किंवा घेण्याचा प्रयत्न करणे, याला दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि ती प्रमाणपत्र ज्याच्या नावावर आहे त्याला होते. एजंटाचे नाव कुठल्याच कागदावर नसते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून जुन्या प्रमाणपत्रांचीही फेरतपासणी होऊ लागली आहे. त्यात ३६ चे ६० झालेले प्रमाणपत्र पहिल्यांदा उघडले जाईल, आणि मग हात खरोखर गेलेल्या माणसालाच ‘हा खोटा’ म्हणून उभे राहावे लागेल.

दिलेले दोन हजार परत येतील असे धरून चालू नका, पण कागद परत घ्या. तुमच्याजवळच्या फोनवरून त्याला लेखी संदेश पाठवा, की काम थांबवले आहे, अमुक अमुक मूळ कागद तीन दिवसांत परत द्यावेत; यादीत प्रत्येक कागदाचे नाव लिहा. कोऱ्या कागदावर किंवा धनादेशावर यजमानांची सही घेतली असेल, तर तेही त्यात लिहा. आधारचा ओटीपी मागण्याचा फोन आला तर देऊ नका. तीन दिवसांत कागद आले नाहीत तर तो संदेश दाखवून पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि उत्पन्नाचा दाखला नव्याने काढायला टाका, तो निघतो. डिस्चार्ज कार्ड त्याच्याकडे अडकले असेल, तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे प्रमाणित प्रतीसाठी आजच अर्ज करा, कारण पुनर्मूल्यांकनाला आणि ईएसआयच्या मंडळाला, दोन्हीकडे, सर्वांत आधी तेच मागतील.